दोन शिवराया शेजारी ठेवता येत नाहीत, मग सॉफ्टवेअर कशाला?

दुदांडी, पुणे

मंडळी, गेली चार वर्षं माझी सगळी नाणी एका सॉफ्टवेअरमध्ये नोंदवतोय. वजन, व्यास, कुठून घेतलं, कितीला पडलं, दोन्ही बाजूंचे फोटो, सगळं. पण फोटो उघडला की एका इवल्याशा खिडकीत एकटाच उघडतो. दुसरा उघडायचा तर पहिला बंद करा.

याचा फटका कसा बसला ते सांगतो. नऊ-दहा महिन्यांपूर्वी जुन्या बाजारातून एका रविवारी एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, घेतली. एका बाजूला 'श्री राजा शिव', मागे 'छत्रपति', अक्षरं झकास. घरी आल्यापासून वाटत होतं, हिला कुठेतरी पाहिलंय. कळायला नऊ महिने लागले. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या एका शिवराईवर 'जा'च्या कान्याला खेटून एक खड्डा आहे. तोच खड्डा, त्याच जागी, हिच्यावर! काठाची चीरसुद्धा तीच. ठसा एक असेल तर अक्षरं सारखी येतील, मान्य. पण जमिनीत गंजून पडलेला खड्डा दोन नाण्यांवर एकाच जागी येईल का? म्हणजे निदान एक तरी ओतीव, ठशाने न पाडता साच्यात ओतून केलेली नक्कल.

दोन फोटो शेजारी दिसले असते, एक मोठा केल्यावर दुसराही तेवढाच मोठा झाला असता, तर पहिल्याच संध्याकाळी कळलं असतं. शिवाय फोटो एक-एक अंशाने फिरवता यावा, आणि दोन्ही एकाच जागी आलटून-पालटून लुकलुकवता यावेत. जे बदललंय ते तेवढं उडताना दिसतं. 1930 साली प्लूटो असाच सापडला, आकाशाच्या दोन काचा आळीपाळीने बघून. आपल्याला तर नुसतं तांबं बघायचंय.

भिंगवाले

तुम्हाला सॉफ्टवेअरने नाही, घाईने फसवलं. नाणं विकत घेताना हातात होतं ना? ओतीव नाण्याच्या काठावर बहुतेक वेळा जोडाची रेघ असते, नाहीतर ती घासून काढल्याच्या खुणा. अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत लागतात. दहापटीचं भिंग आणि वजनकाटा, दोन्ही खिशात मावतं.

आणि फोटोवर एवढा भरवसा? उजेड खालून पडला की उठावाची अक्षरं खोदल्यासारखी दिसतात. एक फोटो खिडकीपाशी काढलेला, दुसरा ट्यूबलाइटखाली, आणि त्यांची तुलना करायची! अशाने खरं नाणंसुद्धा खोटं ठरवाल.

दुदांडी, पुणे

काका, घाई झाली हे कबूल. पण पहिलं नाणं तेव्हा बँकेच्या लॉकरमध्ये होतं. दोन्ही एकाच वेळी हातात कशी घेणार? आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विक्रेता फोटो पाठवतो तेव्हा भिंग स्क्रीनला लावू का?

कोडकरी

प्रोग्रामरच्या बाजूने बोलतो. यंत्राने पाडलेल्या नाण्यांना हे सोपं आहे. गोल काठ शोधायचा, मध्य जुळवायचा, फिरवायचं, झालं. व्हिक्टोरियाच्या 1862 च्या रुपयाचं उदाहरण घ्या. तेच साल पुढे दहा-एक वर्षं छापत राहिले आणि फरक उरला तो ठिपक्यांचा. तिथे लुकलुक खरंच कामाची.

शिवराईला काठाचा काही उपयोग नाही. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान, वर हाताने मारलेली. कुठे 'श्री' अर्धी, कुठे 'शिव' बाहेर. म्हणून दोन्ही फोटोंवर त्याच दोन जागा आपण क्लिक करून दाखवायच्या. प्रोग्राम मग फोटो सरकवेल, फिरवेल, लहान-मोठा करून बसवेल.

भिंगवाले

हे बघा, इथेच घोळ! ओतीव नाणं थंड होताना आक्रसतं, मूळ नाण्यापेक्षा किंचित लहान होतं. आपल्याकडचा हा एक मोठा पुरावा. तुमचा प्रोग्राम लहान फोटो ताणून मोठ्याइतका करणार आणि पुरावा स्वतःच्या हाताने पुसणार. वर म्हणणार, तंतोतंत जुळलं!

कोडकरी

मुद्दा बिनतोड आहे. मग फोटोत मिलिमीटरची पट्टी ठेवायची, माप तिच्यावरून ठरवायचं. प्रोग्रामने फक्त सरकवायचं आणि फिरवायचं, ताणायला बंदी.

हिरा_तारा_ठिपका

मी प्रजासत्ताकाची नाणी जमवतो. सालाखाली टांकसाळीची खूण असते: मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला काहीच नाही. मला तुलना-बिलना नको, सालाखालचा भाग एका झटक्यात मोठा दिसला तरी पुष्कळ. हां, 1911 आणि 1912 चे रुपये मात्र शेजारी बघायला आवडतील. 1911 च्या रुपयात राजा पाचव्या जॉर्जच्या पोशाखावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला म्हणून बदलला. सोंड केवढी वाढली ते बघायचंय.

तांब्याचा_गंज

तुम्ही सगळे वरच्या मजल्याचे पडदे निवडताय, खाली पाया नाही. आधी हे बघा की सॉफ्टवेअर तुमचा फोटो साठवताना लहान तर करत नाही ना. माझं करत होतं, आणि मी मूळ फोटो उडवून बसलो होतो. साडेतीस मिलिमीटरचा रुपया 300 पिक्सेलात कोंबला तर एका मिलिमीटरला दहाच पिक्सेल मिळतात. त्यात अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका म्हणजे पाच पिक्सेलांचा डाग. शेजारी ठेवा, लुकलुकवा, नाहीतर ओवाळा, दिसणार काहीच नाही. माझं मत स्पष्ट आहे, तुलनेची सोय नंतर, आधी मूळ फोटो जसाच्या तसा राहू द्या.

दुदांडी, पुणे

गंजराव, आत्ताच तपासलं. जुन्या शिवराईचा साठवलेला फोटो जेमतेम 400 पिक्सेल रुंद. मूळ फोटो जुन्या मोबाइलबरोबर गेला. म्हणजे शेजारी ठेवूनही खड्डा धड दिसला नसता. हे मला पटलं. पण तुलनेची सोय असती तर फोटो लहान झालाय हे तरी पहिल्याच दिवशी कळलं असतं, म्हणून माझी मागणी तशीच.

काल लॉकरमधून काढून आणली. चकतीचा व्यास धरण्यात अर्थ नव्हता, म्हणून 'श्री'च्या रेघेपासून 'शिव'च्या बुडापर्यंत व्हर्नियरने मोजलं. जुनी 17.1 मिमी, नवी 16.8. काका, तुमचं आक्रसणं!

भिंगवाले

तीनदा मोजा, व्हर्नियर तिरका धरला तरी एवढा फरक येतो. आणि वजन?

दुदांडी, पुणे

काट्याचा सेल गेलाय. उद्या टाकतो.