‘डिप्लॉय’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्नकर्ती
आमच्या पतसंस्थेच्या अकरा शाखा आहेत आणि संगणक पासष्ट. मुख्य कचेरीतून या सगळ्यांवर रिमोट डेस्कटॉपच्या, म्हणजे दुसऱ्याचा संगणक दुरून चालवण्याच्या सोयीच्या, सेटिंग्ज एकाच वेळी ठरवून द्यायच्या आहेत. शाखाधिकाऱ्यांसाठी चार पानी मराठी पुस्तिका लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि पहिल्याच वाक्याला अडले आहे: ‘सेटिंग्ज सर्व संगणकांवर डिप्लॉय करण्यात येतील.’ भाषांतराच्या यंत्राने ‘तैनात केल्या जातील’ असं दिलं. वाचून वाटलं, गणपतीच्या बंदोबस्ताला जादा कुमक येतेय. ‘सेटिंग लावणार’ असं लिहावं, तर आमच्याकडे सेटिंग लावणं कशाला म्हणतात ते बदलीसाठी धावाधाव केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. काय लिहू?

जुना कारकून
‘तैनात’ अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. जुन्या कागदांत त्याचा अर्थ नेमणूक, आणि नेमून दिलेला पगारसुद्धा. आज तो पोलिस आणि लष्करापुरता उरलाय, तोही हिंदी बातम्यांच्या ओघात वाढलेला. पण मराठी माणसाला हा शब्द शाळेपासून माहीत आहे तो ‘तैनाती फौजे’मुळे. ३१ डिसेंबर १८०२, वसईचा तह. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांचं ६,००० पायदळ कायमचं ठेवून घेतलं आणि त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. फौज आपल्या घरात, खर्च आपला, हुकूम दुसऱ्याचा. तुमच्या त्या रिमोट प्रोग्रामचं वर्णन याहून नेमकं कुणी करून दाखवावं! तरीही लिहू नका, शाखाधिकारी घाबरतील.

सिस्टिमवाला
हसलो. कारकूनसाहेब, प्रोग्राम आणि सेटिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घोळ तिथेच आहे. इंग्रजी ‘डिप्लॉय’ दोन्हींना चालतं, आपलं नाही चालत. प्रोग्राम आपण ‘बसवतो’ किंवा ‘टाकतो’. पॉलिसी, म्हणजे सेटिंग काय असावं याचा वरून ठरवलेला नियम, मात्र ‘लागते’. आमच्या खोलीत दिवसभर हेच चालू असतं: ‘सांगलीच्या मशीनला पॉलिसी लागली का?’ ‘नाही लागली, रिस्टार्ट कर.’

प्रश्नकर्ती
पण सगळे ‘पुश केली’ म्हणतात ना? मग ‘ढकलली’?

सिस्टिमवाला
म्हणतात, मीही म्हणतो, पण ते खरं नाही. विंडोजच्या ग्रुप पॉलिसीत सर्व्हर कुणाकडे काही ढकलत नाही. तो नियम लिहून ठेवतो, आणि प्रत्येक संगणक स्वतः येऊन विचारतो, ‘माझ्यासाठी काही नवीन?’ मूळ ठरलेली वेळ ९० मिनिटं, त्यात शून्य ते ३० मिनिटांची कमीजास्त भर, म्हणजे सगळे एकदम दारात उभे राहू नयेत. म्हणून सकाळी दहाला बदल केला तर एका शाखेत साडेदहाला दिसतो आणि दुसरीत पावणेबाराला. मग फोन सुरू होतात. नोटीस फळ्यावर लागलीय, ज्याने त्याने येऊन वाचायची, असा हा प्रकार. ‘लागणे’ म्हणूनच बरोबर बसतं. फळ्यावर नोटीस लागते, निकाल लागतो, आचारसंहिता लागते.

जुना कारकून
वा. आणि आचारसंहिता ‘उठते’. पॉलिसी काढल्यावर काय म्हणता?

सिस्टिमवाला
‘उठली’च. पण इथे एक मेख आहे. खरी पॉलिसी उठली की सेटिंग पूर्ववत होतं. त्याच खिडकीत ‘प्रेफरन्स’ नावाचा दुसरा प्रकार आहे. तो मूळ मांडणीत, नियम काढला तरी संगणकावर तसाच राहतो. इंग्रजीत त्याला टॅटू म्हणतात.

जुना कारकून
मग आपल्याकडे ‘गोंदण’ तयारच आहे! ‘पॉलिसी उठते, प्रेफरन्स गोंदला जातो.’ एवढं वाक्य तरी माझ्या नावावर छापा.

प्रश्नकर्ती
छापते. आता पुढचा खडा. पॉलिसीच्या प्रत्येक ओळीला तीन पर्याय आहेत. ‘एनेबल्ड’ला चालू, ‘डिसेबल्ड’ला बंद. ‘नॉट कॉन्फिगर्ड’ला मी ‘संरूपित नाही’ लिहिलं, तर आमचे व्यवस्थापक म्हणाले, हे पंचांगातलं वाटतं.

सिस्टिमवाला
‘बंद’ आणि हे, यात गल्लत होऊ देऊ नका, निम्मे गोंधळ इथलेच असतात. रिमोट डेस्कटॉपने जोडू देण्याची पॉलिसी ‘बंद’ केली तर कुणालाही बाहेरून येता येत नाही. ‘नॉट कॉन्फिगर्ड’ ठेवली तर वरून काहीच सांगितलेलं नसतं, त्या संगणकावर स्थानिक पातळीवर जे ठरवलंय ते चालतं. एक नकार आहे, दुसरं मौन आहे.

जुना कारकून
सरकारी पत्रव्यवहारात यासाठी ‘निर्देश नाहीत’ होतं. ‘आदेश नाही’ म्हटलं तर नकारासारखं ऐकू येतं, ‘निर्देश नाहीत’ म्हटलं की खालचा माणूस आपल्या पद्धतीने करायला मोकळा. पन्नास फायली मी त्याच जोरावर पुढे ढकलल्या आहेत.

प्रश्नकर्ती
‘निर्देश नाहीत’ पक्कं. आणि ‘रिमोट अ‍ॅक्सेस’? ‘दूरस्थ प्रवेश’ मला पटत नाही. दूर कोण आहे? प्रवेश, की करणारा?

सिस्टिमवाला
आमच्यात ‘रिमोट घेणे’ आणि ‘रिमोट देणे’. ‘ताई, जरा रिमोट द्या, बघतो.’ दोन क्रियापदांत कोण मालक, कोण पाहुणा, हे आपोआप कळतं. आणि शाखांना नेमकं ‘देणं’च समजलं पाहिजे. फेब्रुवारी २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या रिमोट घेण्याच्या अ‍ॅपच्या वापरातून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. फोनवरचा ठग ग्राहकाच्या अ‍ॅपवर दिसणारा नऊ आकडी क्रमांक विचारायचा, ग्राहक सांगून मोकळा व्हायचा. त्यात ‘दूरस्थ प्रवेश’ कुणी दिला नव्हता, लोकांनी ‘रिमोट दिला’ होता.

जुना कारकून
एक शंका. १९९५च्या युती सरकारपासून मराठीत रिमोट म्हणजे पडद्यामागून राज्य चालवणं. पुस्तिकेत तो चालेल?

सिस्टिमवाला
अर्थ तोच आहे की! फक्त पडद्यामागून नको. रिमोट डेस्कटॉपच्या सत्रावर दुसऱ्याने ताबा घेण्याचे पर्यायही पॉलिसीत आहेत: वापरणाऱ्याच्या परवानगीने पूर्ण ताबा, परवानगीशिवाय पूर्ण ताबा, परवानगीने नुसतं पाहणं, परवानगीशिवाय नुसतं पाहणं, किंवा यातलं काहीच नाही. मी कायम परवानगीवालाच ठेवतो, आणि मराठीत ‘नियंत्रण’ऐवजी ‘ताबा’ लिहितो. नियंत्रण ऐकून कुणी दचकत नाही, ताबा ऐकून माणूस ‘हो’ दाबायच्या आधी थांबतो.

प्रश्नकर्ती
पहिलं वाक्य असं केलंय: ‘मुख्य कार्यालयाने ठरवलेली रिमोटची पॉलिसी सर्व संगणकांना लागेल. लागायला साधारण दोन तास धरावेत. तोवर फोन करू नये.’

सिस्टिमवाला
शेवटचं वाक्य ठळक छापा.