मदत हवी आहे: क्लबचं डिपॉझिट परवापर्यंत भरायचंय, भरू का?

फ्रिस्कोवासी
नमस्कार मंडळी, डॅलसजवळच्या फ्रिस्कोहून घाईत लिहितोय. मुलीला क्लबच्या 'नॅशनल', म्हणजे वरच्या टीमची ऑफर आली आहे. ४८ तासांत सही करून १,५०० डॉलर भरायचे, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. सीझनची फी ६,८०० आणि प्रवासखर्च वेगळा. गेल्या वर्षी 'रीजनल' टीममध्ये होती तेव्हा निम्म्यात भागलं होतं. शिवाय एक रिक्रूटिंग सल्लागार ४,२०० मागतोय. प्रोफाइल, व्हिडिओ आणि कॉलेजच्या कोचपर्यंत पोचवणं, सगळं त्यात. तीन डी-वन (कॉलेज खेळातली सर्वांत वरची पातळी) कॉलेजांचे ईमेलही आलेत, म्हणजे त्यांना रस आहे. स्कॉलरशिप मिळाली तर हे सगळं वसूल होईल ना? बायको म्हणते भर, माझा हात खिशाकडे जात नाहीये. कोणाला अनुभव असेल तर लवकर सांगा.

चिंचगूळ
सगळं लिहिलंत, खेळ कुठला ते राहिलं.

फ्रिस्कोवासी
हो की. व्हॉलीबॉल.

पोहणारीची_आई
म्हणून मी सगळ्यांना सांगते, पोहायला घाला. घड्याळ खोटं बोलत नाही. शंभर यार्डांची वेळ काय ती लिहा, कोचला दोन ओळींत कळतं मुलगी त्याच्या टीममध्ये बसते की नाही. सल्लागार लागत नाही, व्हिडिओ लागत नाही. पहाटे साडेचारला उठून गाडी काढायची तयारी मात्र हवी.

फ्रिस्कोवासी
ताई, आता खेळ बदलायचा नाहीये. प्रश्न डिपॉझिटचा आहे.

चिंचगूळ
माझी थोरली व्हॉलीबॉल खेळत डी-थ्री, म्हणजे तिसऱ्या पातळीच्या कॉलेजात गेली, म्हणून विचारते. मुलगी कितवीत? पोझिशन कुठली? उंची किती?

फ्रिस्कोवासी
नववी संपली. लिबेरो आहे, म्हणजे मागे राहून बचाव करणारी. उंची पाच फूट तीन, पण लिबेरोला उंची लागत नाही ना.

चिंचगूळ
नेटवर उडी मारायची नसते, म्हणून हिटरइतकी (स्मॅश मारणारीइतकी) लागत नाही, हे खरं. पण घोडं दुसरीकडेच पेंड खातंय. कोर्टवर एका वेळी लिबेरो एकच असते. कॉलेजची टीम हिटर चार-पाच घेते, मिडल (नेटवर मधे ब्लॉक करणाऱ्या) तीन-चार घेते, लिबेरो आणि मागच्या फळीतल्या मुली मोजक्याच. शिवाय पाच फूट सात-आठची, लांब हातांची मुलगी तेवढीच चपळ असेल तर तुमच्या मुलीला तिच्यापेक्षा बरीच सरस असावं लागतं. अशा मुली असतात, नाही असं नाही.

आता ते तीन ईमेल. नीट उघडून बघा, खाली कॅम्पची लिंक आहे का? डी-वनचे कोच दहावी संपून १५ जून उजाडेपर्यंत मुलीशी किंवा तुमच्याशी रिक्रूटिंगचं बोलू शकत नाहीत. कॅम्पची जाहिरात मात्र कधीही, कोणालाही पाठवू शकतात.

फ्रिस्कोवासी
तिन्हींत कॅम्पची लिंक आहे. पण 'डिअर'च्या पुढे मुलीचं नाव आहे.

साशंक
विजेच्या बिलावरही माझं नाव असतं हो. हा आवळा देऊन कोहळा काढायचा धंदा आहे. एनसीएए (कॉलेज खेळांची संघटना) स्वतः सांगते की हायस्कूलच्या खेळाडूंपैकी साधारण २ टक्क्यांना कॉलेजची क्रीडा स्कॉलरशिप मिळते. आस्पेन इन्स्टिट्यूटच्या प्रोजेक्ट प्लेच्या पाहणीत २०२४ मध्ये एका मुलाच्या मुख्य खेळावर कुटुंबाचा सरासरी खर्च १,०१६ डॉलर होता, २०१९ पेक्षा ४६ टक्क्यांनी जास्त. तुम्ही त्याच्या जवळजवळ सातपट नुसती फी देताय. तेच पैसे ५२९ (कॉलेजसाठीच्या बचतीच्या) खात्यात टाका आणि मुलीला बागेत खेळू द्या.

चिंचगूळ
साशंक, त्या सरासरीत शनिवारी सकाळी गल्लीतल्या मैदानावर सॉकर खेळणारी पोरंही आली. डॅलसच्या क्लब व्हॉलीबॉलशी तिची तुलना काय करताय? आमचा एक सीझन विमान-हॉटेल धरून बारा हजारांच्या आसपास गेला होता, आणि आम्ही काही कोणी शेठ नाही. आणि बागेत खेळणाऱ्या मुलीला शाळेच्या व्हर्सिटी (मुख्य) टीममध्येसुद्धा कोणी घेत नाही इथे.

साशंक
हेच तर म्हणतोय. वर्षाला बारा हजार, असे चार वर्षं मोजा.

शनिवारवाडा
पुण्याहून लिहितोय. तुम्ही लोक एवढे डॉलर कशाला जाळता? आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. मुलीला इकडे पाठवा, बालेवाडी आहेच. माझ्या भाच्याला खो-खोवर नोकरी लागली.

पोहणारीची_आई
अहो, ती टेक्सासात नववी शिकलेली मुलगी आहे, तिला तलाठी व्हायचं नाहीये.

शनिवारवाडा
तलाठ्यात वाईट काय आहे?

वल्हेकरी
हा काथ्याकूट थांबवा, माझं ऐका. रोइंग! टायटल नाइनमुळे (शिक्षणात मुलींना समान संधी देणारा कायदा) फुटबॉल असणाऱ्या मोठ्या कॉलेजांना मुलींच्याही तेवढ्या जागा दाखवाव्या लागतात, म्हणून त्यांच्या महिला रोइंग टीम भल्यामोठ्या असतात. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाने २०२१, २०२२ आणि २०२४ ला राष्ट्रीय विजेतेपद घेतलंय. डॅलसमध्ये एसएमयूची (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाची) टीम आहे. पाच फूट तीन, आवाज खणखणीत आणि डोकं थंड असेल तर कॉक्स (बोटीत बसून दिशा आणि हुकूम देणारी) होऊ दे तिला. व्हाइट रॉक लेकवर क्लब आहेत, फ्रिस्कोहून फार लांब नाही.

फ्रिस्कोवासी
मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, नो." तिला नॅशनल टीमच हवी आहे, मैत्रिणी तिकडे गेल्यात. कृपया मूळ प्रश्नावर या, उद्या संध्याकाळची मुदत आहे.

निळासावळा
दोन गोष्टी. एक, स्कॉलरशिपचा हिशेब बदललाय. पूर्वी डी-वन महिला व्हॉलीबॉलला एका कॉलेजात जास्तीत जास्त १२ स्कॉलरशिप असत, आणि ज्या मिळत त्या पूर्ण. जून २०२५ मध्ये हाउस खटल्याची (कॉलेज खेळाडूंच्या पैशांबद्दलच्या) तडजोड मंजूर झाली. त्यात उतरलेल्या कॉलेजांना स्कॉलरशिपच्या संख्येची मर्यादा उरली नाही, पण टीम १८ जणींचीच. आता स्कॉलरशिप तुकड्यातही देता येते. डी-थ्रीमध्ये खेळासाठी पैसे नाहीतच, आयव्ही लीगमध्येही नाहीत. तिथे कोचचा उपयोग प्रवेशापुरता.

दुसरं, तुमचा व्हिसा कुठला?

फ्रिस्कोवासी
मी एच-वन, मुलगी एच-फोर. ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. त्याचा इथे काय संबंध?

निळासावळा
आहे ना. स्कॉलरशिप घ्यायला व्हिसा आड येत नाही, परदेशातून आलेल्या मुली घेतातच. पण कॉलेजच्या खर्चासाठीची सरकारी फॅफ्सा मदत एच-फोरला नाही, त्यामुळे खेळाचे पैसे कमी पडले तर बाकीची भर तिकडून निघणार नाही. डी-थ्री म्हणजे एमरी, वॉशयू, जॉन्स हॉपकिन्स वगैरे. उत्तम कॉलेजं, फी डोळे पांढरे करणारी. २१ पूर्ण होईपर्यंत ग्रीन कार्ड हातात नसेल तर एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसा. आणि जाहिरातींचे एनआयएल पैसे हा व्हिसावाल्यांसाठी वकिलाला विचारूनच हात लावायचा विषय.

साशंक
म्हणजे ५२९.

गोडलिंबू
अवांतर: स्पर्धांना ते ठरावीक हॉटेलच घ्यावं लागतं ते कुठे कुठे आहे? कॅन्सस सिटीला जायचंय, तिथून दहा मिनिटांवर माझी आतेबहीण राहते, तरी हॉटेल घ्या म्हणतात.

चिंचगूळ
बहुतेक मोठ्या स्पर्धांना 'स्टे टू प्ले' असतं. आयोजकाच्या यादीतलं हॉटेल घेतलं नाही तर टीमची नोंदणी अडते. वर आई-बापांना रोजचं तिकीट, पार्किंग निराळं. एका ठिकाणी दारावर पिशव्या तपासून बाहेरचं खाणं काढून घेत होते. मी थालीपिठं फॉइलमध्ये गुंडाळून गुडघ्याच्या पॅडखाली ठेवली होती. आत शंभर कोर्ट, शंभर शिट्ट्या, आपली कुठली ते पोरींना कसं कळतं देव जाणे. आणि सतरा नंबरच्या कोर्टामागे कॉलेजचे पोलो शर्ट घातलेले कोच खुर्च्या टाकून बसलेले. आलेले असतात एका विशिष्ट मुलीला बघायला. तुमची मुलगी बाकावर असेल तर त्यांना दिसणारच नाही.

म्हणून फ्रिस्कोवासी, डिपॉझिट भरण्याआधी क्लबला एवढंच विचारा: या टीमवर लिबेरो किती, आणि प्रत्येकीला खेळायला मिळण्याची हमी आहे का.

फ्रिस्कोवासी
फोन केला. लिबेरो दोन. दुसरी मुलगी गेली दोन वर्षं त्याच टीमची पहिली लिबेरो आहे. नॅशनलला खेळण्याची हमी नाही, "कोच ठरवेल". रीजनलला प्रत्येक मॅचमध्ये थोडं तरी खेळवतात. तिथली जागा अजून आहे, ३,६००.

वल्हेकरी
कॉक्सला बाक नसतो. एका बोटीला एकच.

चिंचगूळ
मग ६,८०० देऊन दुसरीच्या मागे कशाला उभं करायचं? रीजनलला पहिली लिबेरो म्हणून वर्षभर खेळू दे. दर स्पर्धेचा व्हिडिओ तुम्हीच ट्रायपॉडवर काढा, सर्व्ह रिसीव्ह आणि डिगचे तीन-चार मिनिटांचे तुकडे हडलवर (खेळाच्या व्हिडिओंची साइट) चढवा. कोचना ईमेल मुलीनेच लिहायचा: ग्रॅज्युएशनचं वर्ष, पोझिशन, जर्सी नंबर, पुढच्या स्पर्धेचं कोर्ट आणि वेळ. त्यांना १५ जूनआधी उत्तर देता येत नसलं तरी वाचता येतं. सल्लागार हाच ईमेल चारशे जणांना एकदम पाठवतो, आणि कोच ते ओळखतात. ४,२०० वाचले.

पोहणारीची_आई
हे मात्र पटलं. कॅम्पचं?

चिंचगूळ
जिथे खरंच जायचंय आणि मार्क बसतात, अशा एखाद-दुसऱ्या कॉलेजचा करावा. त्या तीन ईमेलांपैकी एखादं तसं असेल तर.

फ्रिस्कोवासी
एकही नाही. सल्लागाराला नाही कळवलं. मुलगी रुसली आहे, मैत्रिणींचं प्रकरण आहे. आज रात्री बोलतो आणि रीजनलची सही करतो. सही केल्यावर नॅशनलला जागा झाली तर मधेच वर घेतात का?

चिंचगूळ
त्याच क्लबात घेतात कधीकधी, कोणी जखमी झालं की. दुसऱ्या क्लबात मात्र सहीनंतर त्या सीझनला सहसा जाता येत नाही. आणि करारातलं परताव्याचं कलम वाचा. गुडघा गेला तर किती पैसे परत, ते त्यात असायला हवं. आमच्या करारात शून्य होतं.

गोडलिंबू
आतेबहिणीचं कोणी सांगेल का?