फोनवरून चेतासंस्थेची प्रात्यक्षिके कशी शिकवावीत?

प्रश्न (मूळ देवगड, सध्या पुणे)
मी प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आहे आणि आमच्या भागातील बी.एस्सी.च्या दोन विद्यार्थिनींना फोनवरून चेतासंस्थेची प्रात्यक्षिके शिकवते. कॉलेजात जाणाऱ्या त्या आपापल्या घरातल्या पहिल्याच. एकीची आई मासळी विकते. स्नायूंचे विद्युत्संकेत नोंदवणारे छोटे यंत्र मी एसटीच्या पार्सलने पाठवले, परंतु मूठ आवळली काय नि सोडली काय, लॅपटॉपवर तीच लाट दिसते. रेंज सड्यावर (गावाबाहेरच्या उघड्या कातळमाळावर) आणि यंत्र घरात, त्यामुळे व्हिडिओवर एकत्र बसणे होत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे 'समजलं ना?' असे विचारले की दोघी 'हो ताई' म्हणतात आणि पुढच्या रविवारी गाडे तिथेच अडलेले असते. मी काय बदलावे?

उत्तर १ (भौतिकशास्त्र शिक्षक, चिपळूण)
लाटेची शिखरे त्यांनाच मोजायला सांगा. शंभर मिलिसेकंदांत पाच शिखरे भरली, तर ती घरातल्या ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० आवर्तनांच्या) विजेची गुणगुण आहे, स्नायूची नव्हे. लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. अंगाला इलेक्ट्रोड (संकेत टिपणाऱ्या चिकटपट्ट्या) असताना चार्जर लावायचाच नाही, हा सुरक्षिततेचाही नियम आहे. पावसाळ्यात घामट कातडीवर पट्ट्या सुटतात, म्हणून जागा स्पिरिटने पुसून कोरडी करावी आणि तिसरा इलेक्ट्रोड कोपराच्या हाडावर लावावा. कारण मात्र आधी सांगू नका. शिखरे मोजून आकडा ५० आला, की त्या स्वतःच विजेच्या बटणाकडे पाहतील.

उत्तर २ (संशोधक विद्यार्थिनी, मूळ गुहागर)
मीही घरातली पहिलीच, त्यामुळे तो 'हो ताई' मला चांगला ठाऊक आहे: मोठ्यांना 'नाही' म्हणणे आम्हाला उद्धटपणाचे वाटत असे. 'समजलं का' हा प्रश्नच सोडून द्या आणि आठवड्यातून एकदा हातांचा फोटो व फसलेल्या नोंदीचे चित्र मागवा, आधी स्वतःची एक फसलेली नोंद पाठवून. रेंज नसेल तेव्हा मोजपट्टीचा प्रयोग द्यावा. एकीने पट्टी सोडायची, दुसरीने चिमटीत पकडायची. २० सेंटिमीटर घसरली तर प्रतिसादाचा वेळ सुमारे ०.२ सेकंद. मग डोळे मिटून, पट्टी सोडतानाच दुसऱ्या हाताला स्पर्श करून तेच करावे. स्पर्शाचा वेळ बहुधा कमी येतो, कारण डोळ्याच्या पडद्यावर प्रकाशाचे संकेतात रूपांतर व्हायलाच वेळ लागतो. हे वहीत आकड्यांनी उतरले, की बोलायला विषय मिळतो.

उत्तर ३ (निवृत्त प्राध्यापक, मालवण)
मासळीवालीच्या मुलीला माकूल (स्क्विड) साफ करता येतच असेल. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी १९३९ साली चेतातंतूच्या आतून विद्युत्संकेत नोंदवला, तो माकलाच्याच जाड तंतूतून. पुढे १९६३ मध्ये त्यांना एकल्स यांच्यासह नोबेल मिळाले. बर्फातल्या माकलातून संकेत मिळणार नाही, हे आधीच स्पष्ट करावे. परंतु पोटाकडून आवरण उभे चिरून उघडले, की आतल्या बाजूला, डोक्याजवळ, दोन तारकाकृती चेतागुच्छ आणि त्यांतून पंख्यासारखे पसरलेले तंतू दिसतात. सुरी कशी धरायची, हे तिच्याकडून तुम्ही शिकावे.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. शिखरे मोजून झाली: शंभर मिलिसेकंदांत पाच. माकलाचे विचारले तेव्हा तिने प्रथमच स्वतःहून व्हॉइस मेसेज पाठवला, की 'ताई, शाई फुटू द्यायची नसते, आधी मी दाखवते.'