मदत हवी आहे: एकच दिवस, ऑरेंज अलर्ट, आणि आईला समुद्र दाखवायचाय

कुंभारीकर
लवकर सांगा, परवा पहाटे निघतोय. हातात फक्त सोमवार आहे. आईला समुद्र दाखवायचाय आणि नेमका ऑरेंज अलर्ट आलाय. लॉजच्या खोलीत दिवसभर बसवायचं नाही तिला. पावसात काय काय करता येईल? नेटवर जिथंतिथं वॉटर स्पोर्ट्स लिहिलंय, ते पावसाळ्यात बंद असतात.

सात_रस्ता
कुठं चाललाय ते सांगा की आधी. मुंबई का गोवा?

पार्क_चौक
कुठं का असेना, मी म्हणतो मुंबईलाच न्या. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघायचं, सकाळी सीएसएमटी. तिथून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय जवळ. १९२२ पासून लोकांसाठी खुलं आहे, आत शिरलं की चार तास पावसाची आठवण येत नाही. उघडीप मिळाली की मरीन ड्राइव्ह. मी वडिलांना असंच नेलं होतं.

कुंभारीकर
रत्नागिरी. लिहायचं राहिलं. रविवारी भाचीचा साखरपुडा आहे तिथं, मंगळवारी सकाळी परत. मुंबईचा प्रश्नच नाही.

जुळे_सोलापूरकर
आत्ता रत्नागिरी? ऑरेंज अलर्ट म्हणजे २४ तासांत ११५ ते २०४ मिलिमीटर पाऊस. आपल्या सोलापूर जिल्ह्यात वर्षभरात साधारण ५५० पडतो. म्हणजे आपल्या वर्षभराच्या पावसाचा पाचवा ते तिसरा हिस्सा तिथं एका दिवसात. आंबा घाटात दरड आली तर कुठं अडकाल? जाऊ नका.

भाट्येवाला
इथं वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो हो. म्हणून आम्ही काय चार महिने दारं लावून बसतो? शाळा, बाजार सगळं चालू असतं. घाट दिवसाउजेडी उतरा, धुकं असलं तर दिवे लावून सावकाश. दुपारी तीनच्या आत घाटाखालचं साखरपा गाठा, पुढं सोपं आहे.

जुळे_सोलापूरकर
तुम्ही तिथले, तुम्हाला सवय आहे. यांच्यासोबत म्हातारं माणूस आहे. मी स्वतः पाच तास घाटाच्या तोंडाशी अडकलोय, लहान पोरगं घेऊन. प्यायचं पाणी संपलं होतं गाडीतलं.

हिप्परगा_तलाव
उगं कशाला भांडताव, साखरपुड्याला ते जाणारच आहेत. माझं ऐका, शेंगाची चटणी दुहेरी पिशवीत बांधून न्या. तिकडच्या हवेत एका दिवसात ओलसर होते. आणि आहेरात चादर असेल तर प्लॅस्टिकमधून काढूच नका.

सात_रस्ता
आईंचं वय काय? गुडघे? गाडी स्वतःची का? यांतलं काहीच लिहिलं नाही तुम्ही.

कुंभारीकर
वय ७१. सपाटीला चालते, पायऱ्या जमत नाहीत. गाडी आपलीच. चाळीस वर्षं विड्या वळल्या तिनं. पंढरपूरची वारी सोडली तर कुठं गेली नाही. चंद्रभागा भरून वाहताना बघितली की दर वेळी विचारते, "समुद्र याच्यापेक्षा किती मोठा असंल?" मला यंदा ते तिला दाखवायचंच आहे. म्हणून विचारतोय.

पार्क_चौक
मग थिबा राजवाडा. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा, इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून इथं आणून ठेवला. राजवाडा १९१० चा. १९१६ साली राजा इथंच वारला, परत मायदेशी जायला मिळालं नाही. लाकडी काम बघण्यासारखं आहे.

भाट्येवाला
सोमवारी तिथलं वस्तुसंग्रहालय बंद असतं, बाहेरूनच बघावा लागेल. पण तिथून जवळच थिबा पॉइंट आहे. गाडी लावून नुसती काच खाली केलीत तरी भाट्याची खाडी, पूल आणि पलीकडं समुद्र, सगळं एका नजरेत येतं.
रत्नदुर्ग नको, चढ आहे आणि वर वारा उभं राहू देत नाही. त्यापेक्षा आरे-वारे मार्गे गणपतीपुळ्याला जा. रस्ता डोंगराच्या कडेनं जातो, समुद्र खाली गाडीतूनच दिसतो. वाटलं तर पुढं मालगुंडला केशवसुतांचं घर बघा, कौलारू आहे, पागोळ्या गळताना ओटीवर बसायला बरं वाटतं.

हिप्परगा_तलाव
आणि मासे! रत्नागिरीला जाऊन सुरमई नाही खाल्ली तर काय.

भाट्येवाला
१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, ताजी सुरमई आत्ता कुठली? हॉटेलात मिळाली तर बर्फातली समजा. सुकट, सोडे खा.

कुंभारीकर
आई माळकरी आहे. आणि मला फक्त गाडीतून नाही दाखवायचा. तिचे पाय भिजायला पाहिजेत. ते होईल का नाही तेवढं सांगा.

जुळे_सोलापूरकर
पावसाळ्यात पाण्यात? अजिबात नको. गणपतीपुळ्याला दरवर्षी माणसं बुडतात.

भाट्येवाला
गणपतीपुळ्याला पाण्यात नकोच, पायाखालची वाळू ओढून नेते. यात यांचं बरोबर आहे. पण भाट्याला किनारा सपाट आहे, फक्त वेळ साधायची. आमच्याकडं जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. सोमवारी वद्य नवमी. नऊचे पाऊणपट पावणेसात, म्हणजे पावणेसातच्या सुमारास भरती आणि साधारण एक वाजता पूर्ण ओहोटी. त्यात अष्टमी-नवमीला भांग असतो, म्हणजे भरतीला जोर कमी, अमावास्येसारखं उधाण नसतं. बाराच्या पुढं जा, सुरूच्या बनाच्या बाजूनं उतरा. ओल्या वाळूवर, घोटा भिजेल एवढंच. पाठ समुद्राकडं करायची नाही आणि आईंचा हात सोडायचा नाही. लाल अलर्ट झाला तर बेत रद्द, मग थिबा पॉइंटच.
जेवायला कुळथाचं पिठलं आणि टाकळ्याची भाजी विचारा. माळकऱ्याला चालेल, आणि टाकळा पावसातच मिळतो.

सात_रस्ता
पावणेसात सकाळचे की संध्याकाळचे?

भाट्येवाला
दोन्ही. दिवसाला दोन भरत्या. तरी तिथल्या एखाद्या खलाशाला विचारून मगच उतरा.

कुंभारीकर
सोमवार रात्र, रत्नागिरी. सकाळभर नुसता कोसळत होता, आई खिडकीपाशी बसून होती. साडेबाराला जरा उघडला तसं भाट्याला गेलो. पाणी गढूळ, मातकट. मला वाटलं तिचा हिरमोड होणार. छत्री उलटी झाली ती तिनं मिटूनच टाकली. चपला माझ्या हातात दिल्या, लुगड्याचा काठ वर खोचला आणि उभी राहिली. फेस घोट्यापर्यंत आला, परत गेला. ती खाली वाकली, दोन बोटं बुडवून जिभेला लावली. विडी वळून वळून त्या बोटांची टोकं गुळगुळीत झालीत. म्हणाली, "खारटच हाय की रे. पलीकडचा काठ कुठंय?" मी म्हटलं, दिसत नाही. मग बराच वेळ ती काही बोलली नाही.
पाण्याच्या बाटलीत समुद्र भरून घेतलाय, गल्लीतल्या बायकांना दाखवायला. थिबा पॉइंटला पण थांबलो. गणपतीपुळे राहिलं, तीनला परत झोडपायला लागला.
भाट्येवाले, तुमचे उपकार आहेत. आता एकच, उद्या सकाळी घाट चालू आहे का कळेल का?

जुळे_सोलापूरकर
उजाडायच्या आत निघू नका. पाणी आणि खायला जास्तीचं ठेवा. बाटली सरळ उभी ठेवा, झाकणावर पिशवी बांधा, घाटातल्या वळणांत सांडेल.

भाट्येवाला
साखरप्याला पाव्हणे आहेत, सहाला फोन करून इथं लिहितो. तोवर निघू नका.