तूट असताना अर्थसंकल्प मंजूर होतो कसा?

तिजोरीत खडखडाट असताना विधानसभा अर्थसंकल्प मंजूर तरी कशी करते, असं वर विचारलं आहे. तूट मंजुरीच्या आड येत नाही. अंदाजपत्रक, मग घटनेच्या कलम २०३ नुसार अनुदानाच्या मागण्यांवर (म्हणजे खात्यांनी मागितलेल्या खर्चावर) मतदान, मग तिजोरीतून तो पैसा काढायची परवानगी देणारं विनियोजन विधेयक, हा क्रम तोच राहतो. विधान परिषद असली तरी ती असं धन विधेयक, म्हणजे पैशांपुरतं असलेलं विधेयक, फार तर १४ दिवस ठेवून घेऊ शकते.

खरी गोम कात्री कुठे लागते यात आहे. कर्जावरचं व्याज हा भारित खर्च, म्हणजे घटनेनेच तिजोरीवर टाकलेला खर्च, त्यावर मतदानच होत नाही. पगार आणि पेन्शनला हात लावायला कोणी धजत नाही. मग रखडतात ती धरणं, रस्ते, दवाखान्यांच्या इमारती. आमदारांना मागणी कमी करता येते, नाकारता येते, वाढवता मात्र येत नाही. आणि ठरलेले दिवस संपले की उरलेल्या मागण्या चर्चेविनाच मताला टाकतात. हे मला मनापासून खुपतं, कारण पैसा कमी असताना तर प्रत्येक खात्याची जास्त बारकाईने झडती व्हायला हवी.

उरलेलं भगदाड कर्जाने बुजवतात. पण राज्याकडे केंद्राचं कर्ज थकलेलं नसलं, नुसतं फेडायचं बाकी असलं, तरी कलम २९३(३) प्रमाणे नव्या कर्जाला केंद्राची संमती लागते.

म्हणून मार्चमधल्या भाषणापेक्षा मूळ तरतूद पुरली नाही म्हणून वर्षभर येणाऱ्या पुरवणी मागण्या (कलम २०५) वाचा. मूळ हिशेब किती कच्चा होता ते तिथे दिसतं.