पदवीनंतरचे पहिले वर्ष : काय येत नव्हते आणि ते कोणी शिकवले?

पदवीधरांना नोकरी नाही आणि उद्योगांना माणसे मिळत नाहीत, या दोन्ही तक्रारी एकाच जिल्ह्यातून एकाच वेळी ऐकू येतात. या विषयावर मते पुष्कळ मांडली गेली आहेत, आणि 'हल्लीची मुले' या शब्दांनी सुरू होणारी मते तर जरा जास्तच. म्हणून इथे मतांऐवजी अनुभव मागत आहे. पहिल्या नोकरीत नेमके कोणते काम येत नव्हते, ते कोणी शिकवले आणि त्या शिकण्याचा खर्च कोणी उचलला, एवढे तीन मुद्दे आले तरी पुरे. नोकरी देणाऱ्यांनीही लिहावे. संस्थांची नावे कृपया टाळावीत.

सुरुवात माझ्यापासून करते.

गुणवत्ता विभाग, वाहनांचे सुटे भाग, चाकण

नव्या मुलामुलींच्या निवडीत माझा सहभाग असतो. आम्ही टेबलावर स्टीलची एक पिन, तिचे ड्रॉइंग आणि मिलिमीटरच्या हजारांशापर्यंत माप वाचणारा डिजिटल मायक्रोमीटर ठेवतो. ड्रॉइंगवर 25 मिलिमीटर व्यासापुढे लहान लिपीतला 'एच' आणि 7 हा आकडा असतो. याचा अर्थ असा की व्यास 25.000 पेक्षा जास्त चालणार नाही आणि 24.979 पेक्षा कमीही चालणार नाही. सगळी सूट एकवीस मायक्रॉनची, म्हणजे 0.021 मिलिमीटरची. अशा सुटींचा तक्ता शेजारीच ठेवलेला असतो, त्यामुळे पाठांतराचा प्रश्नच नाही. आम्ही एवढेच विचारतो, की हा जॉब, म्हणजे ही पिन, पास आहे की रिजेक्ट.

यंत्र अभियांत्रिकीचे बहुतेक उमेदवार लीस्ट काउंटची (साधनाने मोजता येणाऱ्या सर्वांत लहान मापाची) व्याख्या न अडखळता सांगतात. पण माप घेण्यापूर्वी मायक्रोमीटरचे दोन्ही जबडे पुसून, ते मिटवून शून्य दिसते का हे पाहणारे फार थोडे असतात. एकाच जागी माप घेऊन थांबणारे बरेच, आणि पिन फिरवून व लांबीच्या दोन-तीन ठिकाणी मोजणारे विरळा. त्याहून अवघड जाते ते 'रिजेक्ट' म्हणणे. माप 24.976 आले की अनेकजण आमच्या चेहऱ्याकडे पाहू लागतात, कारण महाविद्यालयातल्या प्रयोगात चुकीचा जॉब कधी समोर आलेलाच नसतो. वीस जणांच्या बॅचमध्ये एक मायक्रोमीटर, त्यातले चौघे हात लावणार आणि उरलेले सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवणार, ही परिस्थिती मी स्वतः शिकत होते तेव्हाही होती. आयटीआयमधून आलेली मुले या चाचणीत सरस ठरतात, आणि तरीही पगाराची श्रेणी ठरवताना पदवीच पाहिली जाते, हे मला पटत नाही.

बी. कॉम., करसल्लागाराच्या कार्यालयात, लातूर

आमच्या अभ्यासक्रमात जीएसटीचा स्वतंत्र विषय होता आणि त्यात मला चांगले गुण होते. नोंदणीची मर्यादा, कराचे दर, पुरवठ्याची व्याख्या, सगळे पाठ. मात्र जीएसटी भरण्याच्या पोर्टलचा पहिला पडदा मी कार्यालयात आल्यावर पाहिला.

माझे पहिले खरे काम होते एका हार्डवेअर दुकानाचे खरेदी रजिस्टर आणि दर महिन्याच्या 14 तारखेला तयार होणारे जीएसटीआर-2बी (पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांवरून पोर्टलवर आपोआप बनणारे विवरण) यांचा मेळ घालणे. रजिस्टरमध्ये असलेली काही बिले 2बी मध्ये दिसत नव्हती, म्हणजे त्यांवरच्या कराची वजावट त्या महिन्यात घेता येत नव्हती. मला वाटले की कुणाच्या तरी नोंदीत गफलत झाली असावी. कार्यालयातल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, बिलांवरची पुरवठादारांची नावे पाहूनच कारण सांगितले. वार्षिक उलाढाल पाच कोटींपर्यंत असलेल्या व्यापाऱ्याला तिमाही विवरणपत्र भरण्याचा पर्याय असतो. त्याने तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत बिले स्वतंत्रपणे चढवली नाहीत, तर ती तिमाही संपल्यावरच दिसतात. एका ठिकाणी जीएसटी क्रमांकातला एक आकडा चुकला होता, आणि एका पुरवठादाराने विवरणपत्रच भरलेले नव्हते. त्याला फोन करून गोडीगुलाबीने भरायला लावणे हेही आमचेच काम असते, आणि ते कोणत्याही विषयात शिकवले जात नाही.

दादांनी मला शिकवले ते मासिक विवरणपत्राच्या 20 तारखेच्या मुदतीआधीच्या धावपळीत, स्वतःचे काम बाजूला ठेवून. सुरुवातीचे काही महिने माझा पगार प्रवासखर्चापुरताच होता. म्हणजे खर्च कोणी उचलला या प्रश्नाचे उत्तर : थोडा दादांनी वेळेच्या रूपाने आणि बाकीचा माझ्या घरच्यांनी.

औषधनिर्मिती, गुणवत्ता हमी, वेर्णा (गोवा)

मी कोल्हापूरकडचा, गोव्यात नोकरीला आहे. वरच्या जर्नलच्या उल्लेखावरून लिहावेसे वाटले, कारण आमच्या क्षेत्रात नव्या पदवीधराला शिकवण्यापेक्षा त्याच्याकडून विसरवून घेण्याचे काम मोठे असते.

महाविद्यालयात टायट्रेशनचे (ब्युरेट या मापनळीतून थेंबथेंब द्रावण सोडून दुसऱ्याचे प्रमाण काढण्याच्या प्रयोगाचे) रीडिंग अपेक्षेपेक्षा वेगळे आले, तर ते पुसून शेजाऱ्याचे घालायचे, किंवा उत्तर आधी धरून ब्युरेटचे रीडिंग उलटे काढायचे, हा सर्रास प्रकार आहे. स्वच्छ, खाडाखोड नसलेल्या जर्नलला गुण मिळतात. कारखान्यात नेमके याच्या उलट आहे. नोंद चुकली तर ती वाचता येईल अशा बेताने एकच आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर नोंद, कारण, सही आणि तारीख लिहायची. व्हाइटनर प्रयोगशाळेत ठेवायलाही मनाई असते. कच्च्या चिठ्ठीवर रीडिंग लिहून मग रेकॉर्डमध्ये 'फेअर' करणे हा गंभीर दोष मानला जातो. अमेरिकेचे औषध नियामक तपासणीला येतात तेव्हा ते अशा चिठ्ठ्यांसाठी कचऱ्याची टोपलीसुद्धा पाहतात, आणि नोंदींच्या सचोटीवरून भारतीय कारखान्यांना त्यांनी इशारापत्रे पाठवलेली आहेत.

माझ्या गटात आलेल्या एका हुशार मुलीने पहिल्याच आठवड्यात एक अख्खे पान गिचमिड झाले म्हणून नव्याने लिहून काढले होते. तिच्या दृष्टीने तो नीटनेटकेपणा होता. तिला ओरडून उपयोग नव्हता. चार वर्षे तिला याचेच कौतुक मिळाले होते. उद्योगाला नवी यंत्रे हवीत, नवे अभ्यासक्रम हवेत, हे सारे खरे आहे. पण आहे त्याच प्रयोगशाळेत, आहे त्याच ब्युरेटवर, चुकलेले रीडिंग जसेच्या तसे लिहून त्याचे कारण शोधणाऱ्याला पूर्ण गुण द्यायला एक रुपयाही लागत नाही.

तंत्रनिकेतनातील अधिव्याख्याता, छत्रपती संभाजीनगर

वरील सर्व अनुभव मान्य आहेत, तरी दुसरी बाजूही नोंदवतो. आमच्या विभागात मंजूर पदांपैकी कित्येक रिकामी आहेत आणि बरेच अध्यापन तासिका तत्त्वावरील सहकारी करतात, ज्यांना सुट्टीच्या काळात मानधनही नसते. त्यांनी उद्योगाशी संपर्क ठेवावा ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

तंत्रशिक्षण मंडळाच्या आधीच्या पदविका अभ्यासक्रमात सहा आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण होते. 2023 पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात ते बारा आठवड्यांचे आहे. कागदावर ही मोठी सुधारणा आहे. प्रत्यक्षात मी विद्यार्थ्यांची यादी घेऊन वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांच्या फाटकांवर फिरतो, तेव्हा अनेक ठिकाणी मुलांना उत्पादन विभागात उभेही केले जात नाही. अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, हे त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. मग ही मुले स्टोअरमध्ये बसून स्टिकर लावतात आणि बाराव्या आठवड्यात सुंदर छापील प्रमाणपत्र घेऊन येतात. नोकरी देणाऱ्यांना तयार माणूस हवा असतो, पण तो तयार होत असताना फाटकाच्या आत नको असतो.

मी एवढे करू शकलो : दोन कारखान्यांकडून रिजेक्ट झालेले भाग मागून आणले. आता मापनाच्या प्रात्यक्षिकात प्रत्येक गटासमोर चांगले आणि टाकाऊ नग मिसळून ठेवतो आणि कोणता का टाकला गेला असावा, हे लेखी मागतो. जर्नल एकमेकांचे पाहून उतरवता येऊ नये, म्हणून प्रत्येक गटाचा डबा वेगळा असतो.

लहान फाउंड्रीचा (धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्याचा) मालक, शिरोली (कोल्हापूर)

सर, फाटकाविषयी तुम्ही लिहिले ते आम्हाला लागू आहे, म्हणून खुलासा करतो. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली, 2019 च्या सुधारित नियमांनुसार, तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. माझ्याकडे त्याहून कमी माणसे आहेत, तेव्हा मला सक्ती नाही. तरी मी घेतो, कारण मला दुसरा मार्ग नाही.

मेटलर्जी म्हणजे धातुशास्त्र शिकलेल्या मुलाला लोह-कार्बन आकृती फळ्यावर काढता येते. मात्र सकाळी साच्यासाठीच्या वाळूची मूठ दाबून, ती मोडून, ओल जास्त आहे हे ओळखायला त्याला एक पावसाळा तरी लागतो. वाळूची ओल मोजायचे साधन आमच्याकडेही आहे, पण साधनाचा आकडा आणि संध्याकाळी कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, निघालेली ब्लो होल (वायूमुळे पडलेली पोकळी) यांचा संबंध त्याच्या डोक्यात जुळायला दोन्ही गोष्टी त्याच माणसाने पाहाव्या लागतात. आमचा जुना मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा, सातवी शिकलेला आहे. तो हे शिकवतो, पण 'असं असतंय' यापलीकडे कारण सांगत नाही. ते कारण त्या मुलाला ठाऊक असते. दोघांना एकत्र बसवले तेव्हा माझे रिजेक्शन कमी झाले.

आता अडचण सांगतो. हा मुलगा वर्षभरात तयार झाला की पुण्याची मोठी कंपनी त्याला जास्त पगारावर नेते. त्याने जाऊ नये असे मी म्हणत नाही, त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो. पण शिकवण्याचा खर्च लहान कारखान्याने करायचा आणि उपयोग मोठ्याने घ्यायचा, असे चालत राहिले तर शिकवणारे कमी होत जाणार. मोठ्या कंपन्या 'अनुभवी हवा' अशी जाहिरात देतात, तेव्हा तो अनुभव कुणीतरी पदरमोड करून दिलेला असतो.

पदवीधर, कार्य प्रशिक्षण योजनेतील माजी प्रशिक्षणार्थी, बीड जिल्हा

राज्य शासनाच्या 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत मी एका शासकीय कार्यालयात होते. बारावी उत्तीर्णांना सहा हजार, आयटीआय व पदविकाधारकांना आठ हजार आणि पदवीधरांना दहा हजार रुपये महिना विद्यावेतन होते. मुदत प्रथम सहा महिने होती, ती पुढे अकरा महिने झाली. माझा खर्च शासनाने केला हे मी कृतज्ञतेने नोंदवते.

शिकवण्याची जबाबदारी मात्र नेमून दिलेली नव्हती. झेरॉक्स, आवक-जावक नोंदी आणि संगणकावर याद्या भरणे हे काम मिळाले. टिप्पणी कशी लिहायची, हे मी एका लिपिक मॅडमच्या मागे लागून शिकले. त्यांच्या जुन्या फायली वाचायला मागितल्या आणि त्यांनी दिल्या. कोण शिकवणार आणि शेवटी काय आले पाहिजे, एवढे दोन रकाने आदेशात असते, तर माझ्यासोबतच्या मुलांनाही काही मिळाले असते.

अभियंता, श्टुटगार्ट

महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये आमच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून गावाकडून बरेच फोन येतात, म्हणून थोडक्यात लिहितो. इथल्या दुहेरी प्रशिक्षणात मुलगा आधी कंपनीशी करार करतो. साधारण तीन वर्षे आठवड्यातून एक-दोन दिवस शाळेत आणि बाकीचे दिवस कंपनीत जातात. विद्यावेतन कंपनी देते आणि अंतिम परीक्षा उद्योग-व्यापार मंडळ घेते. कंपनीत शिकवणाऱ्याला स्वतःलाही शिकवण्याची पात्रता-परीक्षा द्यावी लागते. शिरोलीच्या मोल्डरकाकांकडे कौशल्य आहे. त्यांना शिकवण्याचे वेगळे पैसे कोणी देते का, हे मला विचारायचे आहे.

फाउंड्रीचा मालक, शिरोली (पुन्हा)

नाही, आजवर दिले नव्हते. शिकाऊ मुलगा हाताखाली असेल त्या महिन्यांत भत्ता देता येईल, आणि दिवाळीनंतरच्या पगारापासून तो सुरू करतो.

संभाजीनगरच्या सरांसाठी : मुलांना आत घेण्याची माझी तयारी आहे. एका वेळी चौघेच यावेत, सेफ्टी शूज त्यांचे त्यांनी आणावेत, विम्याचे कागद संस्थेने पाठवावेत. ओतकाम दुपारनंतर असते, पण सकाळी वाळू मिसळताना जो हजर नसेल त्याला दुपारी ओतकामाजवळ उभे करणार नाही. रिजेक्ट कास्टिंग हवी तेवढी न्या, फक्त वजन करून न्या, कारण ती आम्ही पुन्हा वितळवतो आणि तिचा हिशेब ठेवावा लागतो.