सल्ला हवा: मित्र गेला, त्याचं ओपन सोर्स पॅकेज कुणाकडे सोपवावं?

फिरस्ता: माझा मित्र फेब्रुवारीत अचानक गेला. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये आणणारं त्याचं पायथॉन पॅकेज काही छोटे प्रकाशक अजून वापरतात. रेपो (कोडचा साठा) गिटहबवर, पॅकेज पायपीआयवर (पायथॉन पॅकेजं जिथून डाउनलोड होतात तिथे), दोन्ही त्याच्या एकट्याच्या नावावर. लॅपटॉप आणि फोन वहिनींकडे आहेत. पॅकेज पुढे सांभाळणारा नवा मेंटेनर कसा शोधू? मला आठवड्याला दोन तास मिळतात, आणि वर्षाला दोन हजार रुपयांच्या वर खर्च झेपणार नाही.

कोकणी_कमिट: वाईट झालं. विम या टेक्स्ट एडिटरचं बघा. त्याचे कर्ते ब्राम मोलेनार ऑगस्ट २०२३ मध्ये गेले. वर्षानुवर्षं पॅच (दुरुस्त्या) पाठवणाऱ्या ख्रिस्तियान ब्राबांट यांनी सूत्रं घेतली, जानेवारी २०२४ मध्ये ९.१ आली, तीही मोलेनारांना अर्पण करून. माणूस शोधायचा नसतो, पुल रिक्वेस्टच्या (लोकांनी सुचवलेल्या बदलांच्या) यादीत तो असतोच.

पेठकर: विमला जगभर वापरणारे आहेत, इथे तीन प्रकाशक. अवांतर: मी विमवाला नाही, ईमॅक्सवाला.

कोकणी_कमिट: विचारलं होतं कुणी?

डेट्रॉइटकर: सरळ फाउंडेशन काढा, चांगला वकील लावा. काही हजार डॉलरांत काम होतं. आमच्या कंपनीत तर ओपन सोर्ससाठी वेगळी टीमच आहे.

रूट_सावंत: धागाकर्त्याने बजेट रुपयांत लिहिलंय, साहेब. @फिरस्ता, आधी हे करा: फोन फॉरमॅट करू नका, सिम बंद करू नका. पायपीआयवर २०२४ पासून टू-फॅक्टर (पासवर्डसोबत आणखी एक कोड) सक्तीचं आहे, कोड बहुधा त्याच फोनमध्ये येत असणार. ईमेल त्याच्या स्वतःच्या डोमेनवर असेल तर आजच रिन्यू करा. मे २०२२ मध्ये सीटीएक्स नावाचं पॅकेज असंच पळवलं होतं. मालकाच्या ईमेलचं डोमेन संपलं, दुसऱ्याने ते विकत घेतलं आणि पासवर्ड रीसेट केला.

गप्प_बसा: गेलेल्या माणसाच्या खात्यात लॉगिन करू नये. गिटहबवर वारस नेमायची सोय आहे. त्याने मृत्यूचा दाखला दिला तर ७ दिवस, नुसती निधनवार्ता दिली तर २१ दिवस थांबायचं, मग रेपो हलवता येतात. मी बायकोला नेमलंय. त्यासाठी तिचं खातं उघडून दिलं, गिट म्हणजे काय हे तिने अजून विचारलेलं नाही.

पेठकर: आणि वारस नेमलाच नसेल तर? मग जवळच्या नातेवाइकाने सपोर्टला लिहायचं. पायपीआयवर नाव हवं असेल तर पेप ५४१ (तिथल्या नावांचे नियम) वाचा. वेगळ्या नावाने फोर्क (कोडची स्वतंत्र प्रत) का चालणार नाही, हेही पटवावं लागतं.

नवशिक्या_नांदेड: मी घेतो! गिटहबवर कालच खातं उघडलंय. अ‍ॅडमिन मिळेल का?

रूट_सावंत: अनोळखी माणसाला लगेच हक्क नकोत. एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या टूलमध्ये ‘जिया तान’ नावाच्या अनोळखीने दोनेक वर्षं गोडीगुलाबीने काम केलं, मार्च २०२४ मध्ये मागचं दार सापडलं. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम हे पॅकेजही असंच अनोळखी माणसाला दिलं, त्याने बिटकॉइन वॉलेट लुटायचा कोड घुसवला.

नवशिक्या_नांदेड: मी बीएस्सी सेकंड इयरला आहे हो.

डेट्रॉइटकर: कॉपीराइटचं काय? तो आता कायदेशीर वारसांचा. लायसन्स परस्पर बदलू नका.

कोकणी_कमिट: डोमेन रिन्यू करा आधी.

रूट_सावंत: तेच मी वर लिहिलंय.

फिरस्ता: सगळ्यांचे आभार. वारस नेमलेला नव्हता. वहिनींनी दाखला जोडून सपोर्टला लिहिलंय. डोमेन रिन्यू केलं. मात्र मेंटेनर नेमायचा नाही, असं आम्ही ठरवलं. हक्क मिळाले की रेपो अर्काइव्ह (फक्त वाचण्यापुरता) करणार. ते फाँट आता बदलणार नाहीत, अक्षरं बदलायचे तक्ते पूर्ण आहेत, आणि अलीकडच्या तक्रारी पाहिल्या तर सगळ्या इन्स्टॉल कसं करायचं याच्याच. लायसन्स एमआयटी आहे, हवं त्याने वेगळ्या नावाने पुढे न्यावं.

कोकणी_कमिट: मग धागा कशाला काढला?

पेठकर: पायथॉन बदलतं की. चार वर्षांनी बघू.

नवशिक्या_नांदेड: मी फोर्क केलंय. कृतिदेवमधला रफार एक अक्षर पुढे जातोय. टेस्ट कुठल्या फोल्डरात आहेत?